सिस्टरांनी सांगितलेला पगार

आमच्या भागात माणूस ऊसबिल सांगतो, कर्ज सांगतो, घरातलं दुखणंखुपणंही सांगतो; पण खासगी दवाखान्यात राबणारी बाई आपला पगार सहसा सांगत नाही. माहेरी तर दोनेक हजार वाढवूनच सांगते. म्हणून सिस्टरांच्या ऋणाचा विचार मनात येतो तेव्हा सगळ्यात आधी हेच आठवतं, की त्यांनी मला आपला खरा पगार सांगितला.

२०१४ साली मी बारावी झाले. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, डोंगरातलं. घरोघरचे कर्ते पुरुष मुंबईला माथाडीत. माझे आबाही वाशीच्या मार्केटात. मी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामाला लागले होते. सिस्टर तिथेच कामाला होत्या. तान्ह्या पोराची शीर सापडत नसली की तिथले डॉक्टरही सिस्टरांना हाक मारत.

त्याच सुमारास एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक हाती आलं. एका वर्षात नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट, फी ४०,००० रुपये, हप्त्यांची सोय, नोकरीची हमी. वर्षभर कळ काढली की पोरगी कमावती होईल, असं आई म्हणत होती. सिस्टरांनी पत्रक उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर कौन्सिलचा नंबर मिळतो का?"

कसला नंबर, ते मला ठाऊक नव्हतं. दुपारची ओपीडी संपल्यावर त्यांनी औषध कंपनीचं एक पॅड पुढ्यात ओढलं. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग असा मान्यताप्राप्त कोर्स केला तरच कौन्सिलमध्ये, म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागतं आणि नोंदणीचा नंबर मिळतो. नाव नसेल तर सरकारी भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही, हे त्यांनी समजावलं. मग रक्तदाबाचा आकडा सांगावा तितक्या सरळपणे म्हणाल्या, "मी असंच एक सर्टिफिकेट घेऊन लागले. बावीस वर्षं झाली. हातात ९,००० येतात. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. गेल्या साली जीएनएम झालेली पोरगी आली, तिला सलाईन लावायला मीच शिकवलं. तिला पहिल्या महिन्यापासून १२,०००."

त्या पोरीबद्दल त्यांच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता. मला आजही त्याचं नवल वाटतं.

पॅडवर एका बाजूला वर्षाचं सर्टिफिकेट, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांचं एएनएम. एक ओळ नंबराची: इकडे नाही, तिकडे आहे. फी, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं, परीक्षा मिळून रक्कम दीड लाखाच्या पुढे गेली. मला वाटलं संपलं. सिस्टरांनी आणखी एक ओळ लिहायला लावली. "दोन वर्षं तुझा पगार घरात येणार नाही. तोही खर्चातच धर." त्यामुळे एएनएम फारच महाग दिसू लागलं. तेव्हा त्यांनी खाली रेघ मारली आणि लिहिलं, नोकरीची वर्षं तीस. पुढचे गुणाकार मी केले.

यात्रेला आबा गावी आले तेव्हा तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. मला धास्ती दीड लाखाची होती. आबा मात्र नंबराच्या ओळीपाशी थांबले. १९६९ च्या माथाडी कायद्याआधी हमालाच्या घामाची नोंद कुठेच नसायची. पुढे बोर्डं आली, मजुरीवर लेव्ही बसली, त्यातून फंड, बोनस मिळू लागला. आजोबांनी ते आधीचे दिवसही काढले होते. "म्हंजे आमच्या बोर्डासारखंच की," आबा म्हणाले, आणि पतपेढीतून कर्ज काढायचं ठरलं.

तरीही पहिल्या वर्षाला पैसे कमी पडले. ते सिस्टरांनी दिले, भिशीतले. त्यांना त्या साली भिशी लागली होती आणि घरावरचे पत्रे बदलायचे होते. पाटणचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला गळकं छप्पर म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांनी दोन पावसाळे पातेली मांडून काढले आणि हे मला त्यांच्या शेजारणीकडून, फार उशिरा कळलं.

एएनएमचं दीड वर्ष शिक्षण, सहा महिने इंटर्नशिप. पहिल्या कंत्राटी नेमणुकीत हातात १८,००० च्या आसपास येत. पुढे जिल्हा परिषदेच्या भरतीत आरोग्यसेविका म्हणून निवड झाली. मूळ वेतन २५,५०० पासून सुरू. आबांचं कर्ज फिटलं. सिस्टरांचे पैसे परत केले, तेव्हा त्यांनी मोजून घेतले आणि वरचे शंभर परत दिले.

सिस्टर अजून त्याच दवाखान्यात आहेत. पंचावन्न ओलांडलं, तरी रात्रपाळी सुटलेली नाही. त्यांच्यासाठी काही वाट निघते का, ते मी शोधलं. नुसत्या अनुभवावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि एएनएमच्या प्रवेशाला वयाची मर्यादा ३५ ची. अटल पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं. मी हे सांगायला गेले तर म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तुझा हिशेब मांडला तेव्हाही ठाऊक होतं."

मग मी त्यांच्या नावाने पोस्टात आवर्ती ठेव उघडली. हप्ता मी भरते. आधी त्या नकोच म्हणत होत्या. भिशीची आठवण दिली तेव्हा गप्प झाल्या. मग एक अट घातली. पासबुक त्यांच्याकडे राहील, आणि दर महिन्याची नोंद त्या स्वतः तपासतील.