ओळख

घरी एखादा जीव पाळला, की मनात एक प्रश्न हमखास येतो : हा मला ओळखतो का? शेळीच्या बाबतीत शंका उरत नाही. आमच्या उमरीत दिवस मावळताना चरून आलेल्या शेळ्या न चुकता आपापल्या दारात शिरतात आणि घरच्या बाईचा आवाज कानी पडताच ओरडू लागतात. पण पाण्यातल्या प्राण्याचे काय? त्याच्या मनातले कसे कळावे?

आमच्या सातवीच्या वर्गात हा प्रश्न एका चित्रावरून निघाला. चित्र होते ॲक्सोलोटलचे. हा बेडकाच्या गणगोतातला प्राणी. मेक्सिको शहरात शोचिमिल्को नावाचा भाग आहे. तिथल्या पाण्यात तो राहतो. बेडकाचे पिल्लू मोठे झाले, की त्याचे कल्ले नाहीसे होतात आणि ते जमिनीवर येते. ॲक्सोलोटल मात्र जन्मभर पाण्यातच राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्याला पिसांसारखे तीन-तीन कल्ले असतात. पाय तुटला, तर त्या जागी नवा पाय फुटतो. मूळ ठिकाणी आज तो फारच थोडा उरला आहे. पण जगभर अनेक लोक त्याला काचेच्या टाकीत पाळतात.

"सर, त्याला आपला मालक दिसतो का?" एका मुलीने विचारले.

मी म्हणालो, "त्याला डोळे आहेत, पण पापण्या नाहीत. नजर अधू असते. उजेड, सावली आणि हालचाल त्याला कळते. भक्ष्य तो मुख्यतः वासावरून आणि पाण्याच्या हालचालीवरून शोधतो. खाऊ घालणारा जवळ आला, की तो काचेपाशी येतो, असे पाळणारे सांगतात. पण तो माणसाचा चेहरा ओळखतो, असे सिद्ध झालेले नाही."

मुलीचा चेहरा उतरला. तिच्या घरी काचेच्या बरणीत दोन सोनेरी मासे होते. ती जवळ गेली, की ते वर येत. ती त्यांच्याशी रोज बोलत असे. "म्हणजे माझे मासेही मला ओळखत नसतील?"

मी तिला सांगितले, "वाद घालून हे ठरणार नाही. आठ दिवस नीट पाहा आणि वहीत लिही."

मी वर्गाला दोन गोष्टीही सांगितल्या. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने एक आंधळा मासा पाळला होता. ते आधी शीळ घालत आणि मग खाऊ देत. काही दिवसांनी नुसती शीळ ऐकूनच मासा बाहेर येऊ लागला. हे त्यांनी 1923 साली लिहून ठेवले. पुढे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिरंदाज माशांना माणसाचा एक चेहरा शिकवला होता. हा मासा तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडतो. शिकवलेला चेहरा इतर 44 चेहऱ्यांबरोबर दाखवला, तरी बहुतेक वेळा त्याने पिचकारी त्याच चेहऱ्यावर मारली. म्हणजे मासा अगदीच निर्बुद्ध नाही, तो शिकतो.

आठ दिवसांनी मुलीने वही आणली. ती गेली, की मासे वर येत. पण तिचा धाकटा भाऊ गेला, तरी येत. हे तिला फार लागले. मात्र पुढची नोंद अधिक महत्त्वाची होती. दुपारी जवळ कोणी नसतानाही मासे वरच असत आणि तोंडे उघडून हवा घेत. बरणी खिडकीत होती. ऊन तिच्यावर पडे. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी राहतो. जे तिला स्वागत वाटत होते, त्यात थोडी धापही होती!

त्याच दिवशी मासे एका पसरट टोपात, सावलीत गेले. ती रात्रभर भरून ठेवलेले पाणी वापरू लागली आणि रोज थोडे पाणी बदलू लागली. दुपारचे वर येणे थांबले. खाऊच्या वेळी मात्र ते अजून येतात, तिच्याकडेही आणि भावाकडेही.

उर्दूत आपण पहचान म्हणतो, मराठीत ओळख. ओळख दोन्ही बाजूंनी असते. ॲक्सोलोटलला 16 ते 18 अंश इतके थंड पाणी मानवते आणि आपल्या नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तो पाळून "मला ओळखतोस का?" असे विचारण्यात काय अर्थ? मुक्या जीवाने आपल्याला ओळखले, तर आनंदच आहे. पण तो जीव आपल्या हाती आहे. म्हणून त्याला काय हवे, काय सोसत नाही, हे ओळखणे आधी आपले काम आहे.