सिंघम आणि घरकुल

२०११ साली ‘सिंघम’ आला, तेव्हा जयकांत शिक्रेच्या शेवटावर मीही शिट्टी वाजवली होती. पुढच्याच मार्चमध्ये आमच्या जळगावात माजी मंत्री सुरेश जैन यांना घरकुल घोटाळ्यात अटक झाली. तपास करणारे पोलिस अधिकारी इशू सिंधू. पण इथे हाणामारी कुठली? होती ती आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये दिलेली फिर्याद आणि ठराव-बिलांच्या फायली. (फायलींवर कोण शिट्टी वाजवणार!) निकाल लागला धुळ्याच्या विशेष न्यायालयात, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. ४८ जण दोषी, जैन यांना ७ वर्षे. पुढे जामीन, अपील. मला पडद्यावरच्या थपडेपेक्षा त्या फिर्यादीखालच्या सहीचं अप्रूप जास्त. आणि ज्यांच्यासाठी योजना होती, त्यांची बरीच घरं अर्धवटच राहिली.