कोकण किनारा, जर्मन पाणबुडी आणि आमच्या घरातल्या दोन गोष्टी

(१)
आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा घरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आल्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मला ते शाळेच्या पुस्तकाआधी घरात कळले. आमचे मूळ घर मालवणचे, आणि त्या घरात पाणबुडीच्या दोन गोष्टी होत्या. त्या एकमेकींशी कधीच जुळल्या नाहीत.

(२)
पहिली गोष्ट आजोबांची. युद्धाच्या काळात एका रात्री सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे जर्मन पाणबुडी येऊन थांबली. आत सुभाषबाबू होते. आपल्या खलाशांनी होड्यांतून गोडे पाणी आणि शहाळी नेऊन दिली, आणि पहाटेपूर्वी पाणबुडी निघून गेली. आजोबा ही गोष्ट दर गणपतीला सांगत आणि घर भरून लोक ती ऐकत.

(३)
दुसरी गोष्ट आजीची. ती जेमतेम दोन वाक्यांची आहे, आणि आजोबांची गोष्ट रंगात आली की आजी उठून आत जाई. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, फत्तेमारीवर तांडेल होते. मंगळुरी कौले घेऊन मुंबईला जायचे आणि परतताना किराणा आणि कापड आणायचे. एका वर्षी ते परतले नाहीत. “तिसऱ्या माळेक येतंय म्हणान गेललो. चेडवा, दिवाळी इली, पण बापूस इलो नाय.”

(४)
इतिहास विषयात एम.ए. करताना मौखिक साधनांची चिकित्सा शिकवली जाते. तेव्हा ठरवले की पहिली चिकित्सा घरातल्याच गोष्टींची करायची. आधी आजोबांची गोष्ट घेतली, कारण ती तपासणे सोपे होते.

(५)
सुभाषबाबू जर्मन पाणबुडीतून आले, हे खरेच आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते आबिद हसन यांच्यासह कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीने निघाले. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते आय-२९ या जपानी पाणबुडीत गेले आणि पुढे पूर्वेकडे रवाना झाले. या प्रवासात मालवण कुठेच नाही. शिवाय सिंधुदुर्गाभोवतीचे पाणी उथळ आणि खडकाळ आहे. स्थानिक होडीवाल्यालाही तिथे वाट पाहून जावे लागते. सागरी पल्ल्याची पाणबुडी तिथे येऊन थांबणे संभवत नाही.

(६)
आजोबांची गोष्ट तपासात टिकली नाही. मग आजीकडे वळले. पहिली अडचण सालाची होती. ती त्या वेळी सहा-सात वर्षांची होती आणि सन तिला सांगता येत नव्हता. मी तीनदा विचारले, तीनदा ती म्हणाली, “माका काय म्हायत.” चौथ्यांदा मी प्रश्न बदलला : त्या वर्षी आणखी काय झाले होते?

(७)
ती लगेच म्हणाली, त्याच वर्षी शिमग्याच्या आधी मुरगावला बोटी जळाल्या. ती बातमी तिच्या वडिलांनीच घरी आणली होती. मी वही खाली ठेवली, कारण ती घटना नेमकी कधी घडली हे मला ठाऊक होते.

(८)
युद्ध सुरू झाल्यावर एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला थांबले होते. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळे ब्रिटिशांना तिथे उघडपणे हात घालता येत नव्हता. एहरेनफेल्सवरच्या रेडिओवरून पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जाते, असा त्यांचा संशय होता.

(९)
९ मार्च १९४३ च्या रात्री, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या दलांतले मूठभर प्रौढ स्वयंसेवक एका गाळवाहू बार्जमधून एहरेनफेल्सवर चढले. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनी ते स्वतःच बुडवले, आणि उरलेल्या जहाजांवरही तेच झाले. बंदरात आगीचा लोळ उठला. त्या वर्षीची फाल्गुनी पौर्णिमा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे शिमग्याच्या आधी, अगदी आजी म्हणाली तसे.

(१०)
या मोहिमेची सविस्तर हकिगत इंग्रजी वाचकांपुढे आली ती १९७८ साली, जेम्स लीझर यांच्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकातून. आग कोणी आणि का लावली हे आमच्या पणजोबांना कळले असण्याचा संभव नाही. पण आग लागली, बोटी जळाल्या, ही बातमी फत्तेमारीतून मालवणला पोहोचली आणि एका लहान मुलीच्या स्मरणात ऐंशी वर्षे राहिली. साल ठरले : १९४३.

(११)
आता नवरात्र. त्या वर्षी घटस्थापना ३० सप्टेंबरला होती, म्हणजे तिसरी माळ २ ऑक्टोबरला येते. आणि २ ऑक्टोबर १९४३ रोजीच यू-१६८ या जर्मन पाणबुडीने मुंबईजवळच्या समुद्रात ‘हायचिंग’ हे सुमारे २,२०० टनांचे मालवाहू जहाज टॉर्पेडोने बुडवले.

(१२)
यू-१६८ इथे कशी आली? १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने पाणबुड्यांचा एक गट हिंदी महासागराकडे पाठवला. त्याचे नावच ‘मोन्सून’ होते. निम्म्याहून अधिक पाणबुड्या वाटेतच बुडाल्या किंवा माघारी फिरल्या आणि जेमतेम पाच इथवर पोहोचल्या. पावसाळा संपतासंपता अरबी समुद्रात उतरायचे, असा त्यांचा बेत होता. आमच्या फत्तेमाऱ्याही नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत होऊ लागला की बाहेर पडत. बर्लिनचे आणि मालवणचे वेळापत्रक एकाच वाऱ्यावर ठरत होते.

(१३)
यू-१६८ च्या त्याच मोहिमेच्या वृत्तांतात आणखी एक ओळ येते : तिने तोफेच्या माऱ्याने सहा शिडाची गलबते बुडवली. टॉर्पेडो महाग आणि मोजकेच असत, आणि उथळ तळाच्या लाकडी गलबताखालून ते निघूनही जात. म्हणून अशा गलबतांसाठी पाणबुडी पृष्ठभागावर येऊन तोफ वापरी.

(१४)
खरे सांगते, ही ओळ वाचल्यावर मी ग्रंथालयातून उठून बाहेर आले. साल जुळले, महिना जुळला, समुद्र जुळला. आजीला फोन लावायला नंबर काढला आणि थांबले. तिला नेमके काय सांगणार होते? तिसऱ्या माळेला ते घरी पोहोचणार होते. त्या दिवशी ते कुठे होते, हे कोणालाच माहीत नाही. हायचिंग बुडाले त्याच दिवशी गलबतेही बुडाली, असे ती ओळ म्हणत नाही. आश्विनात वादळेही होतात. तारखा शेजारी येऊन बसल्या म्हणजे त्यांचे नाते सिद्ध होत नाही, हे पहिल्याच सत्रात शिकवतात. ते मला घरच्या माणसाबाबत पाळायचे होते.

(१५)
मी वाचलेल्या वृत्तांतांत हायचिंगला नाव आहे, टनभार आहे, बुडाल्याचा दिवस आहे. सहा गलबते म्हणजे नुसता ‘सहा’ हा आकडा आहे. पुढे ६ ऑक्टोबर १९४४ रोजी यू-१६८ स्वतः जावाच्या समुद्रात एका डच पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि तिच्यावरचे २३ जण मेले. कीलजवळ म्योल्टेनॉर्ट येथे जर्मन पाणबुड्यांवर मेलेल्यांचे स्मारक आहे. तिथे धातूच्या पाट्यांवर पाणबुडीगणिक नावे कोरलेली आहेत. मारणाऱ्यांची नावे सापडतात, मरणाऱ्यांची नाही. यात कोणी मुद्दाम केलेला अन्याय नाही. कोणत्या माणसांमागे कागद उरतो, एवढाच हा प्रश्न आहे.

(१६)
सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला सगळे सांगितले. नक्की म्हणता येत नाही, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आजोबांची गोष्ट खोटी आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होते. तरी तिने कधी अडवले नाही, कारण त्या गोष्टीत पाणबुडीतली माणसे आपल्या माणसांकडून पाणी घेतात आणि सगळे सुखरूप घरी येतात.

(१७)
इतकी वर्षे मी आजोबांच्या गोष्टीला चुकीची माहिती समजत होते. माहिती म्हणून ती चुकीचीच आहे, आणि तशीच सांगायला हवी. पण ज्या घरात एक माणूस परतला नाही, त्या घराने ती का जपली, हेही नोंदवायला हवे. माझ्या वहीत आता इतकेच लिहिले आहे : “पणजोबा, तांडेल. आश्विन, १९४३. मुंबईहून निघाले. परतले नाहीत.” कारणाची जागा कोरी ठेवली आहे.

(१८)
धागा वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. तारीख विचारू नका, सण विचारा. त्या वर्षी आणखी काय घडले, ते विचारा. पंचांग आणि दप्तरे नंतरही उघडता येतात. आणि रंगलेली गोष्ट चालू असताना कोणी उठून आत गेले, तर त्यांच्यामागे जा.