आधी हवा, मग कापड

तैलरंगासाठी कोणता कॅनव्हास घ्यावा, असे कुणी विचारले की चर्चा कापडापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. लिनन की कॉटन, वीण घट्ट की सैल, भाव काय. माझ्या मते हे सगळे नंतरचे. चित्र ज्या हवेत राहणार आहे ती वर्षभरात किती पालटते, हे आधी पाहायला हवे. कॅनव्हास चित्रकलेत रुजला त्यालाही बऱ्याच अंशी हवाच कारण झाली. व्हेनिसच्या खाऱ्या, दमट हवेत भिंतीवरची चित्रे तग धरेनात, म्हणून १५व्या शतकाच्या उत्तरार्धात डोजच्या, म्हणजे तिथल्या शासकाच्या, राजवाड्यातल्या मोठ्या दालनात त्यांच्या जागी कापडावरची चित्रे आली. (ती पुढे १५७७ च्या आगीत गेली, त्यात हवेचा दोष नाही.)

कापड कुठलेही घ्या, जवसाचे तेल थेट त्याच्या धाग्यात उतरता कामा नये. तेल वाळताना आम्ल होते आणि सुती काय, लिनन काय, धागा हळूहळू ठिसूळ करते. अमेरिकी चित्रकार हेलन फ्रँकेन्थालर यांनी १९५२ मध्ये ‘माउंटन्स अँड सी’ हे चित्र कोऱ्या कॅनव्हासवर पातळ तैलरंग ओतून केले. त्यात रंगाच्या डागांभोवती तेलाची वलये पसरलेली दिसतात. म्हणून रंगाखाली देतात त्या अस्तराच्याही आधी कापडाची छिद्रे बुजवणारा एक हात द्यावा लागतो, आणि युरोपात शतकानुशतके तो सशाच्या कातडीच्या सरसाचा असे. खरी अडचण इथे आहे. सरस वाळला की आखडतो, कापड ढोलकीसारखे ताणून धरतो. कोरड्या हवेत चित्राचा बराचसा ताण कापडापेक्षा तोच पेलतो. पण हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की तो फुगून मऊ पडतो. त्याच वेळी धागे पाणी पिऊन जाड होतात आणि घट्ट विणीचे कापड आक्रसते. वरचा वाळलेला रंग आक्रसू शकत नाही. तो उचलला जातो आणि पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता आठवडेच्या आठवडे याच पातळीवर असते. विदर्भाची गत वेगळी, पण बरी नाही: मे महिन्याच्या दुपारी हाडे वाळवणारी हवा आणि दोन महिन्यांत ओल. सरसाला नुसत्या ओलीपेक्षा ही ओढाताण जास्त बाधते.

यावर नेहमीचे उत्तर असे, की सरसावरची चित्रे युरोपात चारशे वर्षे टिकली. टिकली, पण संग्रहालयांतल्या जुन्या कॅनव्हासपैकी कितीतरी चित्रांना मागून दुसरे कापड चिकटवलेले असते. आपण पाहतो ते दुरुस्त झालेले चित्र. खोलीत एसी आहे, असेही सांगतात. दिवसा चालणारा आणि रात्री बंद होणारा एसी वर्षाचा चढउतार रोज घडवतो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: सरस टाळून ॲक्रिलिक घ्यावे, तर त्याचे अस्तर प्लास्टिकच, त्यावर तेल बसेल का? चांगल्या, किंचित शोषक ॲक्रिलिक जेसोवर बसते. फक्त तो वाळायला दोन-तीन दिवस द्यावेत, पावसाळ्यात अधिक. ॲक्रिलिक थंडीत कडक होते ही परदेशातली तक्रारही खरी आहे, पण ती कडाक्याच्या थंडीची आहे. मुंबईत तिचे भय नाही. तेव्हा आपल्याकडे सरसाऐवजी ॲक्रिलिक माध्यमाचा किंवा चित्रकामासाठीच्या, आम्ल नसलेल्या पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा) हात द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुतारकामाचा पांढरा गोंद आणि झिंक ऑक्साइड कालवून केलेले अस्तर स्वस्त पडते, पण सरावाच्या कामापुरतेच वापरावे.

एवढे ठरले की कापडाचा प्रश्न सोपा होतो. हातभर आकारापर्यंत चौरस मीटरला ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचे डक हे जाड सुती कापड उत्तम चालते. मोठ्या कामाला लिनन घ्यावे, कारण ते कमी सैलावते. मांजरपाट पातळ, त्यावर जाड रंग चढवू नये. कोऱ्या कापडातली खळ आधी धुऊन काढावी. तयार कॅनव्हास घेताना पुढची पांढरी बाजू बघून काही कळत नाही. तो उजेडासमोर धरा, विणीत टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात का पाहा. मग कोपऱ्यात तेलाचा एक थेंब ठेवून दुसऱ्या दिवशी मागची बाजू तपासा. मागे पिवळट डाग उमटला, तर वर ‘प्रायम्ड’ असा शिक्का असला तरी आणखी दोन हात द्यावे लागतील: पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, मध्ये बारीक पॉलिश पेपर. तो हलकाच फिरवा. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला तर रंगाला पकड मिळत नाही.

आणि एक विनंती. चौकटीच्या मागच्या लाकडावर पेन्सिलीने लिहून ठेवा: कापड कोणते, पहिला हात कशाचा, अस्तर कोणते, तारीख काय. आपल्या हवेत काय टिकते याची आपल्याकडची नोंद फार तुटपुंजी आहे, आणि चित्र दुरुस्तीला जाईल तेव्हा ती करणाऱ्याला या चार ओळी लागतील.