चित्राखालची ओळ

मारेगावात मुलांचे प्रोजेक्ट तपासताना मी आधी शेवटची स्लाइड उघडतो. तिथे बहुधा ‘संदर्भ: गुगल, यूट्यूब, विकिपीडिया’ एवढेच असते. हे म्हणजे पुस्तक विचारल्यावर कपाट दाखवणे झाले.

छापील लेखाचा वाचक पान उलटून तळटीप पाहू शकतो. पीपीटी पाहणाऱ्याला ती सवड मिळत नाही, चित्र समोरून निघून जाते. म्हणून स्रोत त्याच स्लाइडवर हवा, मागच्या बाकावरूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत. व्हिडिओत तो त्या दृश्यासोबतच पट्टीवर यावा आणि नुसता आवाज असेल तर बोलून सांगावा. विकिमीडिया कॉमन्सवरचा फोटो फुकट मिळतो खरा, पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बहुतेक परवान्यांत छायाचित्रकाराचे नाव देण्याची अट असते. तालुक्याच्या लोकसंख्येपुढे ‘जनगणना 2011’ नसेल, तर ऐकणारा तो आकडा आजचा समजतो.

वर्ष गाळल्याने सर्वांत मोठा अन्याय होतो तो कोलामांवर. आमच्या भागातला हा समाज मुलांचा आवडता विषय. नेटवरून उचललेली त्यांच्याविषयीची वाक्ये शोधत मागे गेले, की पुष्कळदा रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथापाशी पोचायला होते. इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्याचा शेरा शंभर वर्षांनी वर्गात ‘कोलाम असे असतात’ म्हणून वाचला जातो, आणि त्याच वर्गात कोलामाची मुलगी बसलेली असते. स्लाइडवर 1916 हा आकडा दिसला तर निदान ऐकणाऱ्याला कळते, की हे कोणी आणि कधी म्हटले.

मुले कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन नाच-गाण्याची दंडार चित्रित करतात, म्हाताऱ्यांकडून गाणी टिपून आणतात. मग संदर्भात पुस्तकाचे नाव येते आणि गाणाऱ्या आजीच्या जागी ‘एक आदिवासी महिला’. मला हे मुळीच पटत नाही. आजी हीच त्या गाण्याचा स्रोत आहे. रेकॉर्डिंगआधी तिची परवानगी घ्या, नाव द्यायचे का आणि कसे ते तिलाच विचारा, पोडाचे नाव व तारीख वहीत तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर आठवून लिहिलेली तारीख बरेचदा चुकते.

अध्यापक मित्रांनो, गुणदानाच्या तक्त्यात सजावटीला जेवढे गुण देता, तेवढे तरी स्रोत सांगणाऱ्या या ओळीला द्या.