कुकरातला पास्ता आणि डुकराचं मटण



आज जेवणावर लिहितोय. गेल्या रविवारी वस्तीतली बैठक संपवून आम्ही दोघं रात्री साडेआठला घरी पोचलो. भाकरी थापायचं त्राण दोघांतही नव्हतं. पिशवीत अर्धा किलो डुकराचं मटण होतं आणि डब्यात मॅकरोनी. मग सगळं एकाच कुकरात घातलं.

रीत सोपी आहे. मटणाचे सुपारीएवढे तुकडे करायचे. तेल चमचाभरच, कारण चरबी आपली आपण सुटते. तुकडे लाल होईपर्यंत परतायचे, मग त्यातच दोन कांदे, मूठभर लसूण, आलं, तीन टोमॅटो, हळद, कांदा-लसूण मसाला, मीठ. पेलाभर पाणी घालून सात-आठ शिट्ट्या. वाफ जिरली की झाकण काढून आणखी तीन पेले पाणी, उकळी आली की पाव किलो मॅकरोनी, आणि झाकण न लावता दहा-बारा मिनिटं ढवळत राहायचं. मॅकरोनीचं पीठ रश्शात उतरतं नि रस्सा दाट होतो. तासाभरात जेवण, घासायला एकच भांडं. मांस मात्र पूर्ण शिजलंच पाहिजे. अर्धकच्चं राहिलं तर टेपवर्मची भीती असते.

आता मटण आलं कुठून ते सांगतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आम्ही काम करतो त्या वस्तीत काही कैकाडी घरं डुकरं पाळतात. आठ वर्षं आम्ही तिथे जातोय. चहा प्यायलो, जातीच्या दाखल्यांसाठी खेटे घातले, संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन घेतलं. पण पोर्क खावंसं वाटलं की गाठायचो ते कॅम्पातलं कोल्ड स्टोरेज. महिन्याभरापूर्वी तिथल्या एका मावशींनी आमच्या पिशवीतलं पाकीट बघितलं.

“काय ओ मॅडम हे?”

“सॉसेज.”

“कशाचं?”

जीभ अडखळली. “पोर्कचं.”

मावशी हसल्या. “म्हंजे डुकराचंच की! मग आमच्याकडचं का न्हाई घेत?”

आम्ही स्वच्छतेचं काहीतरी पुटपुटलो. ते अर्धं खरंही आहे. जिथे गटार नाही, कचऱ्याची गाडी येत नाही, तिथे मोकाट डुक्कर काय खाणार? पण मावशींची जनावरं मोकाट नाहीत. घरामागे वाडगं आहे, हॉटेलातलं उरलंसुरलं आणून त्या घालतात. आठ वर्षांत आम्ही ते वाडगं बघितलं नव्हतं. आणि कॅम्पातल्या पाकिटातलं डुक्कर कुठे वाढलं, हे तरी कधी विचारलं होतं?

एम.ए.ला श्रीनिवासांचं संस्कृतीकरण घोकलं होतं. मांस-दारू सोडून, वरच्यांची रीत उचलून जात वर सरकू बघते, वगैरे. गंमत बघा, 1952चं त्यांचं ते पुस्तक कूर्गच्या लोकांवर आहे, आणि त्याच कोडवांच्या लग्नात पंदी करी, म्हणजे डुकराचं कालवण, मानाने वाढतात. गोव्यात ख्रिस्ती घरांत सणाला सोरपोटेल शिजतं. त्याने कुणाची पत उतरत नाही. विटाळ डुकरात असता तर तिथेही लागला असता. तो पाळणाऱ्याच्या जातीला चिकटवलेला आहे. आणि तो चिकटवणाऱ्यांत आम्हीही होतो, ‘पोर्क’ म्हणत.

काही जण इथे महाडचा दाखला देतील. 1927 साली बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस, त्यामागची लाचारी. कष्टाने पाळलेलं जनावर रोख पैसे देऊन घेणं ही गोष्टच वेगळी. ज्यांनी करुणेपोटी मांसच सोडलंय त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण घरात मटण चालतं, कोंबडी चालते, आणि डुक्कर म्हटलं की नाक मुरडायचं, ही करुणा नव्हे.

बुद्धांचं शेवटचं जेवण चुंद लोहाराच्या घरचं. त्यातलं ‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचं मांस की आणखी काही, यावर जुना वाद आहे. धर्मानंद कोसंबींनी मांस असा अर्थ घेतला नि टीका ओढवून घेतली. आम्हाला त्या प्रसंगात दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्या जेवणानंतर दुखणं विकोपाला गेलं असताना बुद्धांनी आनंदाला बजावलं, चुंदाला कुणी दोष लावू नये, त्याचं अन्नदान थोर पुण्याचं आहे. वाढणाऱ्याचा मान त्यांनी शेवटपर्यंत राखला.

तर रविवारचं मटण मावशींकडचं होतं. त्या पैसे कमी घेत होत्या, आम्ही पुरते दिले. सोमवारी डबा भरून पास्ता नेला. मावशींनी उंबऱ्यातच बसून खाल्ला.

“शेवया लईच जाड झाल्यात. अन् तिखट कुठंय?”

डबा अजून त्यांच्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नसतो म्हणतात.