अब्बांची अ‍ॅम्बॅसडर

विचुंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा बैठकीच्या खोलीत दोनच गोष्टी लावल्या. एका भिंतीवर काबा शरीफचे कॅलेंडर, दुसरीवर आयतुल कुर्सीची चौकट. माणसांचे फोटो भिंतीवर लावायचे नाहीत, हा अम्मीचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला, तरी त्यांचा फोटो कपाटातल्या लिफाफ्यातच राहिला.

तोडगा धाकट्या भावाने काढला. पनवेलला एक मुलगा जुन्या मोटारींची चित्रे छापून देतो. इंग्लंडमध्ये लोक मॉरिस मायनर, ऑस्टिन अशा आपल्या घरच्या जुन्या गाडीचे चित्र काढून घेतात; रंग तोच, नंबर तोच आणि खाली घराण्याचे नाव. "अम्मी, गाडीत जान नसते," भाऊ म्हणाला. अम्मी हसली. परवानगी मिळाली.

मुलाने कॉम्प्युटरवर दाखवले ते चित्र मॉरिस ऑक्सफर्डचे होते. त्याची फारशी चूक नव्हती. १९५६ साली इंग्लंडात निघालेली मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ हीच आपल्या अ‍ॅम्बॅसडरची आई. तिकडे ते मॉडेल १९५९ मध्ये बंद झाले. इकडे हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्यात तोच साचा २०१४ पर्यंत चालवला. तिकडे कुटुंबप्रमुख स्वतः चालवायचा ती गाडी आपल्याकडे मंत्र्यांची, डॉक्टरांची, शेठलोकांची झाली आणि पुढच्या सीटवर पगारी ड्रायव्हर बसला.

आमचे अब्बा असेच पुढच्या सीटवर बसले. गाडी शेठची, १९७९ नंतरची मार्क ४, पांढरी, डिझेलवर चालणारी. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. बोरघाटात इंजिन तापले की अब्बा बॉनेट उघडून गाडीशी बोलत उभे राहत. आम्ही त्या गाडीत एकदाच बसलो, आपाच्या निकाहच्या दिवशी. तेव्हाही अब्बांनी उतरताना सीटवरची फुले वेचून घेतली होती.

"पुढची जाळी बदलावी लागेल," आम्ही मुलाला सांगितले. "आणि नंबर?" त्याने विचारले. आम्ही तिन्ही भावंडांनी तीन नंबर सांगितले. शेवटी अम्मीने अब्बांची डायरी काढली. किलोमीटर, डिझेल, टायरची हवा, सगळे उर्दूत. पहिल्याच पानावर गाडीचा नंबर. भावाची मुले इंग्रजी माध्यमात जातात, त्यांना ते पान वाचता येईना. आम्ही वाचून दाखवले. उर्दू शिकवण्याचा घरात असा उपयोग बऱ्याच दिवसांनी झाला.

"खाली नाव काय टाकू? ओनरचं?" मुलगा म्हणाला.

भाऊ म्हणाला, आपले आडनाव टाक. अम्मीने मान हलवली. "गाडी अपनी थी ही कब?"

तेव्हा आम्हांला आमचा बी.एड.चा फॉर्म आठवला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही 'खाजगी नोकरी' लिहिले होते. बरोबरच्या कुणाचे वडील हेडमास्तर, कुणाचे वकील. अब्बांनी तो फॉर्म पाहिला होता. सही केली, काही बोलले नाहीत. त्या फीचा पहिला हप्ता त्यांनी शेठकडून उचल घेऊन भरला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आम्ही मुलाला म्हणालो, "अब्बांचं नाव टाक. आणि नावाच्या आधी लिही, ड्रायव्हर."

त्याच्या कॉम्प्युटरवर उर्दू अक्षरे सुटी सुटी आणि उलटी पडत होती. म्हणून आम्ही घरी येऊन कागदावर बोरूने लिहिले आणि तो कागद स्कॅन करायला दिला. 'ड्रायव्हर' हा शब्द फळ्यावर आम्ही शेकडो वेळा लिहिला असेल. त्या दिवशी चार कागद वाया गेले.

चित्र आता दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारे-जाणारे विचारतात, "गाडी कुणाची?" अम्मी सांगते, "शेठची. पण चालवायचे हे."

यंदा जूनमध्ये शाळेत प्रवेशाचे फॉर्म भरून घेताना एक मुलगा वडिलांच्या रकान्यापाशी अडला. हळूच म्हणाला, "सर, अब्बू रिक्षा चलाते हैं. क्या लिखूं?"

आम्ही पेन त्याच्याच हातात ठेवले. म्हटले, "वही लिखो. साफ अक्षरों में."